प्रकल्पाची वही आणि तीन मिनिटांचा भयपट : गुण नेमके कशाला द्यायचे?



दुसरं सत्र सुरू झालं की स्टेशनरीच्या दुकानात एक वेगळीच गर्दी दिसायला लागते. 'पाण्याचे महत्त्व', 'ध्वनिप्रदूषण', 'माझे गाव' असे विषय सांगितले की दुकानदार चित्रांचे छापील कागद काढून देतो. मूल ते कापतं, चिकटवतं, बाजूला स्केचपेनने चौकट आखतं. प्रस्तावना मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीतून येते आणि निष्कर्ष मोबाईलवरून. आणि रात्री अकरा वाजता उरलेली चार पानं आई लिहिते, कारण तिचं अक्षर चांगलं असतं. दुसऱ्या दिवशी आपण शिक्षक त्या वहीवर सही करतो आणि २० पैकी १८ देतो.

यात मुलाची लबाडी फारशी नसते. आपण जे मागतो तेच ते देतं. आपण नीटनेटकी वही मागतो, म्हणून नीटनेटकी वही येते.

आकारिक मूल्यमापनाच्या साधनतंत्रांत 'प्रकल्प' हे साधन आपल्याकडे २०१० पासून आहे. अकरावी-बारावीला पर्यावरणाचा प्रकल्प असतो, त्याआधी भाषा, विज्ञान, समाजशास्त्र सगळीकडे अंतर्गत गुण असतात. म्हणजे साधन नवीन नाही. पण प्रकल्पात मुलाचं स्वतःचं काय असतं, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. माझं उत्तर असं आहे की मुलाचे स्वतःचे असतात ते त्याचे निर्णय. त्याने काय घेतलं, काय सोडलं, कशावरून ठरवलं. माहिती विकत मिळते, चित्रं मिळतात, हल्ली फोनला विचारलं तर अख्खा अहवाल लिहून मिळतो. निर्णय मात्र त्यालाच घ्यावे लागतात. आणि ते दिसतात नियोजनाच्या पानांवर, सजवलेल्या वहीत नाही.

आधी नेहमीचे विषय थोडक्यात

भूगोलात पर्जन्यमापक सगळेच करतात. प्लॅस्टिकची बाटली कापायची, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा ठेवायचा, बाजूला पट्टी चिकटवायची. पण बाटलीचा तळ सपाट नसतो. मग शून्य कुठे धरायचं? एखादं मूल तळात खडे घालून सपाट भागापर्यंत पाणी भरतं आणि तिथे शून्याची खूण करतं. हा निर्णय. तो कच्च्या वहीत लिहिलेला असेल तर मला पुढची रंगीत पानं नसली तरी चालतात. बाटली गच्चीवर ठेवली की झाडाखाली, सकाळी आठला मोजलं की आठवण झाली तेव्हा, याची नोंद असली की त्या मुलाला पाऊस मोजणं म्हणजे काय ते कळलेलं असतं. (१ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हे गणित त्याच्या गच्चीला लावायला सांगा. मुलं हरखून जातात.)

गणितात घरचं वीजबिल घ्या. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा. मुलं सगळी युनिटं वरच्या दराने गुणतात, बिलाशी मेळ बसत नाही, मग शोध सुरू होतो. इतिहासात गावातल्या जुन्या विहिरीबद्दल तीन म्हाताऱ्या माणसांना विचारलं की तीन वेगवेगळ्या हकिकती मिळतात. कोणती खरी धरायची आणि का, हा प्रकल्पाचा गाभा आहे. विहिरीचा फोटो नव्हे.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो प्रकल्प.

लघुभयपटाचे नियोजन : विषय ऐकून दचकू नका

दहावीच्या इतिहासात 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' हा पाठ आहे. त्याची तयारी म्हणून मी नववीला एक गटप्रकल्प देते : तीन मिनिटांच्या भयपटाचं नियोजन करा. चित्रपट काढायलाच पाहिजे असं नाही. काढला तर छान, पण गुण मुख्यतः नियोजनाला.

"भुताचा सिनेमा? शाळेत?" ही पहिली प्रतिक्रिया शिक्षक-कक्षातच येते. विनोदी किंवा संदेशपर चित्रपट का नको? संदेशपर दिला तर मुलं आपल्याला काय आवडेल ते लिहितात. शेवटी सगळे झाडं लावतात. विनोदात मोबाईलवरचे विनोद येतात. भीतीचं तसं नाही. प्रेक्षक दचकला की नाही दचकला, हे लगेच कळतं. त्यामुळे प्रत्येक गोष्ट 'का' केली याचं उत्तर द्यावं लागतं. कॅमेरा इथे का, आवाज आत्ता का, हा माणूस दिसायला हवा की नको.

पहिला मसुदा मात्र दरवर्षी एकच येतो. अमावास्येची रात्र, पडका वाडा, पाच मित्र, गाडी बंद पडते, एक जण लघवीला जातो तो परत येत नाही. ही गोष्ट मुलांची नाही, पाहिलेल्या सिनेमांची आहे. फोनला विचारलं तरी हीच मिळते. म्हणून मी अटी घालते. रात्र नाही. रक्त नाही. मेकअप नाही. ठिकाण शाळेतलंच. एका गटात सहा जण, फोन एक. आणि भूत एकदाही दिसता कामा नये.

शेवटच्या अटीवर मुलं खवळतात. तेव्हा मी त्यांना दोन हकिकती सांगते. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'जॉज' (१९७५) या चित्रपटासाठी यांत्रिक शार्क केला होता. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो सारखा बंद पडायचा. मग शार्क न दाखवता नुसतं पाणी, पिंपं आणि संगीत यांवर काम भागवावं लागलं, आणि लोक पाण्याच्या पृष्ठभागालाच घाबरायला लागले. दुसरी हकिकत हिचकॉकची. दोन माणसं टेबलाशी बसून गप्पा मारतायत आणि अचानक खालचा बॉम्ब फुटतो, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं आणि त्या दोघांना माहीत नसलं, तर त्याच साध्या गप्पा प्रेक्षकाला पंधरा मिनिटं खुर्चीला खिळवून ठेवतात. दचकणं आणि धास्ती यांतला हा फरक मुलांना लगेच पटतो. घरी मार्कशीट दप्तरात लपवलेली असते तेव्हाचा वरण-भात प्रत्येकाने खाल्लेला असतो.

एका गटाचं काम

मागे एका गटाने केलेलं नियोजन सविस्तर सांगते, कारण त्यात सगळे विषय कसे आले ते दिसतं.

आपल्या शाळांत फळ्याच्या कोपऱ्यात रोज दोन आकडे लिहिलेले असतात. पट आणि हजर. त्या गटातल्या एका मुलीच्या डोक्यात आलं : पट ४१, आणि हजर ४२. बस्स. एवढीच गोष्ट. बाई हजेरी घेतायत, ४१ पर्यंत क्रमांक होतात, त्या हजेरीपट मिटणार इतक्यात मागून कुणीतरी "हजर" म्हणतं.

मला वाचतानाच काटा आला. एका ओळीत गोष्ट सांगता आली पाहिजे, ही माझी पहिल्या पानाची अट असते. ती इथे पूर्ण झाली होती.

मग गणित सुरू झालं. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. त्यांनी सहा-सहा सेकंदांचे ३० शॉट लिहून आणले होते. एक शॉट लावायला, तालीम करायला आणि घ्यायला बारा मिनिटं धरली तर ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास. शाळा रिकामी मिळते शनिवारी दीड तास. म्हणजे चार शनिवार, आणि तोवर घटक चाचणी येते. दोन दिवस भांडून त्यांनी ३० चे १४ शॉट केले. १४ गुणिले १२ म्हणजे १६८ मिनिटं, दोन शनिवारांत बसतं. पण आता प्रत्येक शॉट सरासरी तेरा सेकंदांचा झाला. आणि त्यांच्या लक्षात आलं की रिकाम्या बाकाकडे तेरा सेकंद नुसतं बघत राहिलं की आपोआप अस्वस्थ वाटतं. वेळेच्या टंचाईतून शैली सापडली. हे मी शिकवून आलं नसतं.

पुढचा वाद फळ्यावरून. '४२' हा आकडा प्रेक्षकाला कधी दिसावा? शेवटी दाखवला तर दचका. बाई हजेरी घेत असतानाच त्यांच्या पाठीमागे फळ्यावर '४१' चा '४२' झालेला दाखवला, आणि बाईंची पाठ फळ्याकडे असली, तर हिचकॉकचा बॉम्ब. मतदान झालं, बॉम्ब जिंकला. वहीत दोन्ही पर्याय, कारणं आणि मतं लिहिलेली आहेत. त्या एका पानाला मी पाचपैकी पाच दिले.

आवाजासाठी नववीच्या विज्ञानातला 'ध्वनीचा अभ्यास' उघडावा लागला. मुलांना 'हजर' चा प्रतिध्वनी हवा होता. पुस्तकात दिलंय की २२ अंश सेल्सिअसला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, आणि दोन आवाज वेगळे ऐकू यायला ०.१ सेकंदाचं अंतर लागतं. तेवढ्या वेळात आवाज ३४.४ मीटर जातो. जाऊन-येऊन, म्हणून भिंत किमान १७.२ मीटर लांब हवी. आपला वर्ग टेपने मोजला तर जेमतेम आठ मीटर. म्हणजे वर्गात स्पष्ट प्रतिध्वनी येणारच नाही, फार तर निनाद. मग ते जिन्यात गेले, पाण्याच्या टाकीपाशी गेले, पटांगणात कंपाउंडच्या भिंतीपासून पावलं मोजत गेले आणि सगळीकडे "हजर, हजर" ओरडत सुटले. (मुख्याध्यापकांना आधी कल्पना देऊन ठेवा.) शेवटी जिन्यातला आवाज ठरला. रिकामा वर्ग भरलेल्या वर्गापेक्षा जास्त का घुमतो, हा प्रश्न त्यांना तिथेच पडला. उत्तरही त्यांनीच काढलं : अंगावरचे कपडे आणि दप्तरं आवाज शोषून घेतात.

संगीताचा प्रश्न असाच सुटला. सिनेमातलं संगीत उचलायचं नाही, ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं. मग काय वापरायचं? 'सायको' (१९६०) मध्ये बर्नार्ड हरमननी फक्त तंतुवाद्यांवर थरकाप उडवला होता. त्याच कृष्णधवल चित्रपटात रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, हे सांगितल्यावर वर्ग पाच मिनिटं माझ्या हातात नव्हता. आमच्या गटाने खडू फळ्यावर आडवा धरून काढलेला किर्रर्र आवाज आणि पंख्याची टकटक एवढ्यावर भागवलं. कोणत्या बाकाचा पाय करकरतो हे कुठल्याही फोनला माहीत नसतं.

भूत कोणाचं?

इथे खरा मुद्दा येतो. नियोजनाच्या दुसऱ्या पानावर मी एक प्रश्न सक्तीचा ठेवलाय : तुमचं भूत कोण आहे, आणि ते इथे का आहे?

आपल्या लोकसमजुतीतली भुतं आठवून बघा. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. हडळ म्हणजे अनेक ठिकाणी बाळंतपणात गेलेली बाई. भुतांची ही यादी म्हणजे ज्या मृत्यूंचं दुःख माणसांना गिळता आलं नाही त्यांची यादी आहे. पूर्वी गावात सुईणीशिवाय कोणी नसायचं, बाळंतपणात बायका जायच्या, मुलं देवीच्या साथीत जायची. मुलांना मी घरच्या आजी-आजोबांकडून एका भुताची गोष्ट आणि ते माणूस कशाने गेलं असं मानतात, एवढं विचारून आणायला सांगते. समाजशास्त्राचा याहून चांगला गृहपाठ मला माहीत नाही.

पण याची दुसरी बाजू काळजीची आहे. बहुतेक मसुद्यांत भूत असतं ते गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी, वेडसर बाई, विधवा. मुलं सहज लिहितात. आपल्याच राज्यात, सातपुड्याच्या भागात बायकांना डाकीण ठरवून छळल्याच्या घटना घडलेल्या आहेत. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर. म्हणून माझा नियम साधा आहे. चित्रपटात भूत चालेल, कारण ती कल्पना आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण भूत उतरवणारा बाबा खरा ठरवणं आणि गावातल्या खऱ्या एकट्या बाईसारखी दिसणारी चेटकीण चालणार नाही. नाही म्हणून थांबायचं नाही, का नाही ते वर्गात बोलायचं. वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणवणं हे घटनेच्या ५१अ मध्ये नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. ते तक्त्यावर लिहून भिंतीवर लावण्यापेक्षा असं जास्त पोचतं.

आता त्या '४२' क्रमांकाकडे येते. कोण ती? मुलांचं पहिलं उत्तर : नापास झाली म्हणून जीव दिलेली मुलगी. मी ते थांबवलं. या वयाच्या मुलांसमोर आत्महत्या ही गोष्टीची कलाटणी म्हणून वापरू द्यायची नाही, यावर मी ठाम आहे. मग दोन दिवस गट अडून बसला. तिसऱ्या दिवशी एक मुलगा, जो एरवी फारसा बोलत नाही, म्हणाला, "मॅडम, ती मेलेली कशाला पाहिजे? ऊसतोडीला गेलेली असंल."

वर्ग गप्प झाला. आमच्या भागात दिवाळीनंतर काही बाकं रिकामी होतात. आईवडील कारखान्याच्या फडावर जातात, काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही त्यांच्याबरोबर जातात. मोठ्या मुलींना धाकट्या भावंडांना सांभाळायला नेतात. बऱ्याच जणी होळीनंतर परत येतात. काहींची मधल्या काळात लग्नं होतात आणि हजेरीपटात त्यांच्या नावावर लाल रेघ येते.

त्यानंतर गटाने शेवट बदलला. आधीच्या शेवटात दार आपटत होतं आणि पांढरं तोंड दिसणार होतं (माझी अट मोडून). नव्या शेवटात बाई 'हजर' ऐकून हजेरीपट पुन्हा उघडतात, लाल रेघेवर बोट ठेवतात आणि मागे वळून फळा बघतात. कॅमेरा रिकाम्या बाकावर. तेरा सेकंद. संपलं. मग एका मुलीने विचारलं, "खरंच कुणी परत आली आणि तिने हे बघितलं तर?" त्यावर अर्धा तास चर्चा झाली. ठरलं असं की कुणाचंही खरं नाव, खरा क्रमांक येणार नाही, आणि चित्रपट वर्गाबाहेर दाखवायचा झाल्यास आधी त्या मुलींना दाखवून विचारायचं. हे सगळं नियोजनाच्या वहीत आहे, खाडाखोडीसकट.

गुण आणि काही व्यवहाराच्या गोष्टी

मी २० पैकी १२ गुण नियोजनाला देते, ४ तोंडी प्रश्नांना आणि ४ प्रत्यक्ष चित्रीकरणाला. फोन नसलेला, चित्रीकरण न केलेला गटही १६ पर्यंत जाऊ शकतो. नियोजनाची वही कच्चीच तपासते. पक्की करून आणली तर परत देते. तोंडीमध्ये प्रत्येकाला एकच विचारते : तुमच्या गटाने टाकून दिलेली एक कल्पना सांग आणि का टाकली ते सांग. ज्याने नुसतं नाव लावलंय तो इथे अडकतो.

पालकांनो, तुम्ही मदत करा, जरूर करा. फोन द्या, साठवणीची जागा रिकामी करून द्या. मुलाच्या गोष्टीतलं वाक्य मात्र सुधारू नका. 'असंल' चं 'असेल' करायची गरज नाही. आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल, किंवा मूल रात्री घाबरून उठत असेल, तर शिक्षकांना कळवा. त्या मुलाला पर्जन्यमापक द्यावा, कारण विचारू नये. चित्रफीत मुलांनी कुठेही टाकायची नाही, ती शाळेच्या संगणकावर राहते. विहीर, गच्ची, रस्ता, रेल्वेरूळ ही ठिकाणं पहिल्याच दिवशी बाद करा.

चित्रीकरणासाठी शनिवार बरा. सकाळची शाळा सुटली की पावणेबारानंतर इमारत रिकामी होते. तशीही आपल्याकडे भर दुपारी बाराची वेळ भुतांची मानतात, त्यामुळे उजेडाबद्दल मुलं तक्रार करत नाहीत. मुलं घरी किती वाजता पोचतील हे पालकांना चिठ्ठीने कळवा. आणि शिपाईमामांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण वर्गांना कुलपं त्यांना लावायची असतात आणि शनिवारी त्यांनाही लवकर घरी जायचं असतं.